दान मिळालेली फुप्फुसं वापरता का येत नाहीत?

२०२४ या एका वर्षात भारतात १,१२८ जणांचे अवयव त्यांच्या मृत्यूनंतर दान झाले. त्याच वर्षी देशभरात फुप्फुस प्रत्यारोपणं झाली २२८. एका दात्याची दोन्ही फुप्फुसं बहुतेक वेळा एकाच रुग्णाला बसवतात. म्हणजे ढोबळ हिशेबाने पाच दात्यांपैकी एकाचीच फुप्फुसं दुसऱ्या कुणाच्या छातीत पोचली. राहिलेल्या चौघांच्या घरच्यांनीही अवयवदानाला होकार दिलेलाच होता. त्यांची मूत्रपिंडं वापरली गेली असतील, यकृत वापरलं गेलं असेल; फुप्फुसं मात्र तशीच राहिली.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतही कित्येक वर्षं हे प्रमाण पाचात एक असंच होतं. पण तिथे मुळात दातेच भरपूर, त्यामुळे २०२३ मध्ये तिथे तीन हजारांवर फुप्फुस प्रत्यारोपणं झाली. स्पेनमध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला पन्नासच्या घरात मरणोत्तर दाते मिळतात. भारतात दहा लाखांमागे एकही पुरता मिळत नाही. जिथे दाते इतके मोजके, तिथे हाती आलेलं फुप्फुस निसटणं कुणाच्या तरी जिवावर बेततं.

बातम्यांतून आपल्याला दिसतो तो ग्रीन कॉरिडॉर: थांबवलेली वाहतूक, धावणारी रुग्णवाहिका, विमानतळावर पळत जाणारे डॉक्टर. ते सगळं खरं आहे आणि त्यामागची माणसं जिवाचं रान करतात. पण फुप्फुस वाचणार की जाणार हे बरेचदा त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. दाता ज्या आयसीयूत असतो तिथे, व्हेंटिलेटरवरच्या चार-पाच आकड्यांवर ते ठरतं. हे आकडे बदलायला नवं यंत्र लागत नाही. म्हणून या लेखात मी त्या आयसीयूत जरा जास्त वेळ थांबणार आहे.

नवं फुप्फुस लागतं कुणाला

सगळ्यांत मोठा गट फुप्फुसांच्या फायब्रोसिसचा. फुप्फुसाच्या मऊ, लवचीक जाळ्यात चट्टे पडत जातात, ते कडक होतं, आणि प्राणवायू रक्तात उतरेनासा होतो. आधी जिना चढताना धाप लागते, मग चालताना, मग आंघोळ करताना, आणि शेवटी नुसतं बोलतानाही. पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब या दोन औषधांनी हा वेग कमी होतो. पडलेले चट्टे मात्र पुसले जात नाहीत. याशिवाय सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणं), ब्रॉन्किएक्टॅसिस (श्वासनळ्या सैलावून त्यांत कफ साचणं), फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा वाढलेला दाब, अशा आजारांच्या शेवटच्या टप्प्यातही प्रत्यारोपणाचा विचार होतो.

आपल्याकडच्या फायब्रोसिसला एक खास स्थानिक कारण आहे. फुप्फुसांच्या अशा आजारांची देशभरची एक नोंदणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या १,०८४ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता. श्वासाबरोबर आत जाणाऱ्या बुरशीच्या किंवा पक्ष्यांच्या कणांविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती पेटून उठते आणि त्यात फुप्फुसच होरपळतं, असा हा आजार. या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांच्या बाबतीत एअर कूलरचा संबंध दिसला. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही हे खरंच, पण त्यातलं पाणी दिवसेंदिवस तसंच राहिलं आणि वाळ्याच्या ताट्या बुरशीने काळ्या पडल्या, की तीच हवा रात्रभर नाकातोंडात जाते. दुसरं मोठं कारण कबुतरांची विष्ठा आणि पिसं. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जो वाद पेटला, त्यात डॉक्टर ज्या आजाराबद्दल सांगत होते तो हाच. कारण वेळीच ओळखून ते दूर केलं, तर काही रुग्णांना प्रत्यारोपणापर्यंत जावंच लागत नाही.

मग करोना आला. २०२० च्या जूनमध्ये शिकागोत डॉ. अंकित भरत यांच्या टीमने करोनाने पार निकामी केलेली दोन्ही फुप्फुसं काढून एका तरुणीला नवी बसवली. अमेरिकेतली ती अशी पहिली शस्त्रक्रिया. ऑगस्टमध्ये चेन्नईतही करोनाच्या रुग्णावर असं प्रत्यारोपण झालं. फुप्फुस बदलता येतं, हे आपल्याकडच्या अनेक घरांनी पहिल्यांदा ऐकलं ते त्या वर्षी.

सगळ्या अवयवांत हाच हळवा

मूत्रपिंड, यकृत, हृदय हे सगळे अवयव शरीराच्या आत झाकलेले असतात. फुप्फुसाचं तसं नाही. ते थेट बाहेरच्या हवेला उघडं असतं. धूळ, जंतू, धूर सगळं तिथे पोचतं. दाता आयुष्यभर सिगारेट ओढणारा असेल, त्याला कधी क्षयरोग झाला असेल, तर त्याच्या खुणा तिथेच राहिलेल्या असतात. अपघातात डोक्याला मार बसून माणूस बेशुद्ध पडला, तर तोंडातलं रक्त किंवा उलटी श्वासनलिकेत जाते. पुढे व्हेंटिलेटरवर जितके दिवस जातात तितका न्यूमोनियाचा धोका वाढत जातो.

यावर भर पडते ती खुद्द मेंदूमृत्यूची, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेला, पण व्हेंटिलेटरच्या आधाराने हृदय चालू, अशा अवस्थेची. कवटीत दाब वाढत जाऊन मेंदूचा देठ मरत असतो, तेव्हा शरीर शेवटचा प्रयत्न म्हणून अॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा प्रचंड लोंढा सोडतं. रक्तदाब एकदम उसळतो. फुप्फुसातल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या तो दाब सोसू शकत नाहीत, त्यांतून पाणी पाझरतं आणि हवेच्या पिशव्यांमध्ये साचतं. थोड्या वेळाने उलट होतं, रक्तदाब कोसळतो. तो सावरायला सलाइन चढवलं जातं, आणि इथे अवयवांमध्येच ओढाताण सुरू होते: मूत्रपिंडांना भरपूर पाणी हवं असतं, फुप्फुसांना कोरडं राहायचं असतं. लघवी चांगली होते आहे म्हणून बाटलीमागून बाटली चढत राहिली, तर मूत्रपिंडं वाचतात आणि फुप्फुसं पाण्याने जड होतात. दोन्ही सांभाळायचं तर द्रव मोजून द्यावे लागतात आणि रक्तदाबासाठी औषधांचा आधार घ्यावा लागतो. त्यासाठी दात्यापाशी कुणीतरी जाणकार माणूस तासन् तास उभा राहावा लागतो. मृत घोषित झालेल्या माणसाची काळजी जिवंत रुग्णाइतक्याच निष्ठेने घेणं सोपं नाही. शेजारच्या खाटेवर दुसरा रुग्ण झुंजत असतो आणि रात्रपाळीला माणसं तेवढीच असतात.

ती दहा मिनिटं

आता एक गोष्ट जवळून बघू. मेंदूमृत्यू ठरवताना सर्वांत शेवटी अॅप्निया चाचणी करतात. रुग्णाला आधी काही मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन देतात. धमनीतलं रक्त तपासून कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण ४० (मिलिमीटर पारा) आहे ना, हे पाहतात. मग व्हेंटिलेटरची नळी सुटी करतात. श्वासनलिकेत एक बारीक नळी सोडून ऑक्सिजन चालू ठेवतात, छाती-पोटावरची चादर बाजूला करतात आणि डॉक्टर आठ ते दहा मिनिटं फक्त छातीकडे बघत राहतात. श्वास थांबलेला असताना रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. तो ६० च्या वर जाऊनही छाती जराही हलली नाही, म्हणजे श्वास घ्यायला सांगणारं मेंदूच्या देठातलं केंद्र कायमचं बंद पडलेलं आहे.

आपल्या कायद्याप्रमाणे ही तपासणी चार डॉक्टरांचं मंडळ करतं, आणि तीही दोनदा, मध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवून. अवयव बसवणाऱ्या टीममधल्या कुणालाही या मंडळात स्थान नसतं. हा नियम अत्यंत योग्य आहे. कुटुंबाच्या मनात शंकेला जागा राहू नये म्हणूनच तो आहे.

पण त्या दहा मिनिटांत फुप्फुसाचं काय होतं? व्हेंटिलेटर श्वास आत ढकलतो, त्याचबरोबर श्वास सोडल्यानंतरही आत थोडा दाब धरून ठेवतो. या दाबाला पीप म्हणतात. त्याच्यामुळे हवेच्या पिशव्या उघड्या राहतात. नळी सुटली की तो दाब जातो आणि फुप्फुसाचा खालचा, मागचा भाग मिटून जातो. चाचणी संपल्यावर नळी पुन्हा जोडतात, पण मिटलेल्या पिशव्या आपोआप उघडत नाहीत. सहा तासांनी हेच पुन्हा. मग प्रत्यारोपण टीमचा फोन येतो, एक्स-रे काढला जातो आणि खालच्या भागात पांढरं दिसतं. शंभर टक्के ऑक्सिजनवर रक्तातल्या प्राणवायूचा दाब ३०० च्या वर असावा अशी अपेक्षा असते, तो २२० येतो. ‘फुप्फुसं चालणार नाहीत,’ एवढं सांगून फोन ठेवला जातो. प्रत्यक्षात ते फुप्फुस आजारी नसतंच, ते नुसतं मिटलेलं असतं.

यावर उपाय साधा आहे. चाचणीच्या वेळी नळी पूर्ण सुटी न करता सतत दाब देणारी सीपॅपची सोय जोडायची, आणि चाचणी झाली की काही सेकंद जास्त दाब देऊन फुप्फुस पुन्हा पूर्ण फुलवायचं. कफ ओढतानाही नळी उघडी न करता बंद सर्किटमधून ओढायचा.

याचा किती फरक पडतो हे युरोपातल्या १२ आयसीयूंनी मिळून तपासलं आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लुचियाना माशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११८ संभाव्य दात्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीची पद्धत: दर श्वासाला वजनाच्या किलोमागे १० ते १२ मिलिलिटर हवा, आत धरलेला दाब ३ ते ५. दुसऱ्या गटाला ६ ते ८ मिलिलिटरचे छोटे श्वास, दाब ८ ते १०, अॅप्निया चाचणी सीपॅपवर आणि कफ बंद सर्किटमधून. सहा तासांनी पहिल्या गटातल्या ५४ टक्के दात्यांची फुप्फुसं निकषांत बसत होती, दुसऱ्या गटातल्या ९५ टक्के. प्रत्यक्ष काढून वापरलेल्या फुप्फुसांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर, म्हणजे थेट दुपटीवर गेलं. यंत्र तेच, खाट तीच, औषधंही तीच. व्हेंटिलेटरवरचे आकडे तेवढे बदललेले.

हा अभ्यास मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो. सोलापूर, नाशिक, कोल्हापूर, अमरावतीच्या आयसीयूतही हे आजच्या आज करता येतं. त्यासाठी कॅनडात टोरांटोच्या नावाजलेल्या प्रत्यारोपण केंद्रात जावं लागत नाही. ज्या रुग्णालयांना प्रत्यारोपणाची नाही, फक्त अवयव काढण्याची परवानगी आहे, तिथल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना एवढं प्रशिक्षण नीट दिलं, तर दात्यांची संख्या न वाढताही फुप्फुसं वाढतील. दात्याच्या देखभालीचा खर्च घरच्यांवर पडू नये असं २०१४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे, हेही इथे सांगितलं पाहिजे. संमती दिल्यानंतर बिल वाढत जाईल या भीतीने काही जण मागे सरतात.

वीस वर्षं न जमलेलं काम

माणसात पहिलं फुप्फुस प्रत्यारोपण ११ जून १९६३ रोजी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जॅक्सन इथे डॉ. जेम्स हार्डी यांनी केलं. रुग्ण १८ दिवस जगला. त्यानंतरच्या वीस वर्षांत जगभर चाळीसहून अधिक प्रयत्न झाले, पण कुणीही पुरतं वर्षभरही जगलं नाही. अडचण होती ती श्वासनलिकेच्या जोडाची. फुप्फुसाला दोन प्रकारचा रक्तपुरवठा असतो. हृदयाकडून येणारी मोठी धमनी शस्त्रक्रियेत जोडतात; पण श्वासनलिकेच्या भिंतीला पोसणाऱ्या अगदी बारीक धमन्या सहसा जोडत नाहीत. त्यामुळे जोडाच्या जागी रक्त कमी पडायचं, टाके सुटायचे, आणि त्यात जंतू शिरायचे. वर प्रतिकारशक्ती दाबायला भरमसाट स्टेरॉइड दिले जायचे, ते जखम भरू देत नसत.

टोरांटोत डॉ. जोएल कूपर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून ही गाठ सोडवली. सायक्लोस्पोरिन हे नवं औषध हाती आलं होतं, त्यामुळे सुरुवातीला स्टेरॉइड टाळता येत होते. शिवाय आतड्यांवर पसरलेला, रक्तवाहिन्यांनी भरलेला चरबीचा पडदा वर ओढून त्यांनी तो जोडाभोवती गुंडाळला. १९८३ मध्ये त्यांनी एक फुप्फुस बसवलेला फायब्रोसिसचा रुग्ण सहा वर्षांहून अधिक जगला. १९८६ मध्ये दोन्ही फुप्फुसांचं प्रत्यारोपणही तिथेच यशस्वी झालं. तो पडदा गुंडाळायची गरज आज सहसा पडत नाही. टाके घालण्याचं तंत्रच तेवढं सुधारलं आहे.

बर्फाच्या पेटीबाहेर

दात्याच्या शरीरातून काढलेलं फुप्फुस थंड द्रावणाने धुऊन, थोडं फुगवून, बर्फात ४ अंशांच्या आसपास ठेवायचं आणि सहा ते आठ तासांत बसवायचं, अशी पद्धत अनेक दशकं चालत आली. आपल्याकडचे ग्रीन कॉरिडॉर याच घड्याळामागे धावतात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पिंपरी-चिंचवडहून चेन्नईला न्यायची फुप्फुसं घेऊन डॉ. संजीव जाधव यांची टीम पुणे विमानतळाकडे निघाली होती. वाटेत हॅरिस पुलावर टायर फुटून रुग्णवाहिका आदळली. डॉक्टर जखमी झाले, दुसऱ्या गाडीत बसले, विमान गाठलं आणि त्याच दिवशी चेन्नईत ती फुप्फुसं बसवली. त्यांच्या धैर्याला माझा सलाम आहे. पण एका जिवाचं सगळं गणित टायरवर अवलंबून असावं इतकी ही वेळेची दोरी ताणलेली असते.

ही दोरी सैल करणाऱ्या दोन गोष्टी गेल्या पंधरा-वीस वर्षांत झाल्या, आणि दोन्हींत टोरांटोचा वाटा मोठा आहे.

पहिली म्हणजे शरीराबाहेर फुप्फुस चालवणारं यंत्र. कल्पना प्रत्यक्षात आणली स्वीडनमधल्या लुंडचे स्टिग स्टेन यांनी. ती दीर्घ वेळ चालवण्याची पद्धत डॉ. शफ केशवजी आणि डॉ. मार्सेलो सिपेल यांनी टोरांटोत बसवली. काचेसारख्या पारदर्शक घुमटाखाली फुप्फुसं ठेवतात. धमनीतून खास द्रावण फिरवतात, त्यात रक्तपेशी नसतात. हळूहळू तापमान ३७ अंशांवर आणतात. मग व्हेंटिलेटर जोडून मिनिटाला सातच संथ श्वास देतात. बर्फातून आलेलं, सुरकुतलेलं, जागोजागी गडद डाग असलेलं फुप्फुस डोळ्यांदेखत फुलतं आणि फिकट गुलाबी होत जातं. द्रावण फुप्फुसात साचलेलं पाणी ओढून घेतं. दर तासाला मोजमापं घेतात: प्राणवायू किती उतरतो, दाब किती, लवचीकता किती. चार तासांनंतर निर्णय. आधी जिथे शल्यविशारदाला एक्स-रे आणि एका रक्तचाचणीवरून हो-नाही ठरवावं लागे, तिथे आता त्याला फुप्फुस काम करताना दिसतं. २०११ मध्ये टोरांटोने जाहीर केलेल्या पहिल्या अभ्यासात जोखमीची मानलेली २३ फुप्फुसं यंत्रावर घेतली, त्यातली २० बसवता आली, आणि त्यांचे निकाल नेहमीच्या फुप्फुसांच्या तोडीचे होते.

अडचण पैशाची. सर्किट आणि द्रावण एकदाच वापरायचं असतं आणि दर वेळचा खर्च लाखांत जातो. वर्षाला मोजकीच प्रत्यारोपणं करणाऱ्या केंद्राला तो झेपणं कठीण.

दुसरा शोध यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आणि भारतासाठी मला तोच जास्त आशेचा वाटतो. बर्फाच्या ४ अंशांऐवजी १० अंशांवर ठेवलेलं फुप्फुस जास्त काळ तग धरतं, कारण पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं त्या तापमानाला कमी दुखावतात. टोरांटो, व्हिएन्ना आणि माद्रिद इथे मिळून ७० रुग्णांवर हे करून पाहिलं. रात्री काढलेली फुप्फुसं १० अंशांच्या कपाटात ठेवून सकाळी ताज्या दमाच्या टीमने बसवली. निकाल नेहमीइतकेच चांगले आले. म्हणजे बारा तासांहून अधिक वेळ हाताशी येतो. नागपूरचं फुप्फुस हैदराबादला न्यायला मग मध्यरात्री खास विमान शोधत बसावं लागणार नाही, सकाळचं नेहमीचं विमानही चालेल. खास विमानाचा खर्च परवडत नाही म्हणून हातची जाणारी फुप्फुसं यातून वाचू शकतात.

दाते वाढवण्याचेही मार्ग शोधले गेले. हृदय थांबून मृत्यू झालेल्या व्यक्तीची फुप्फुसं युरोप, ऑस्ट्रेलिया, कॅनडात वापरली जातात, आणि निकालांत फारसा फरक दिसत नाही. फुप्फुसाला इथे त्याच्या हळवेपणाची भरपाई मिळते: आत हवा असल्यामुळे रक्त थांबल्यावरही त्याच्या पेशी काही काळ तग धरतात. भारताच्या कायद्यात अशा दानाला मनाई नाही, पण त्याआधी उपचार थांबवण्याचा निर्णय घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याची वाट मोकळी केली आणि २०२३ मध्ये ती थोडी सोपीही केली. तरी रुग्णालयं अजून बिचकतात. हेपेटायटिस सी असलेल्या दात्याची फुप्फुसं पूर्वी सरळ नाकारत. आता बसवल्याबरोबर काही आठवडे गोळ्या दिल्या की विषाणू नाहीसा होतो, हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं. जपानमध्ये दोन जिवंत नातेवाइकांच्या फुप्फुसाचा एकेक खालचा भाग घेऊन रुग्णाला बसवतात. टोरांटोत २०२२ मध्ये यंत्रावर ठेवलेल्या फुप्फुसाचा ए रक्तगट विकरांच्या (एन्झाइमच्या) मदतीने ओ सारखा केला, तो अजून प्रयोगशाळेतला टप्पा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये चीनमधल्या ग्वांगझूचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला: जनुकं बदललेल्या डुकराचं फुप्फुस एका मेंदूमृत व्यक्तीच्या शरीरात नऊ दिवस चाललं, पण त्यात सूज आणि नाकारणं दोन्ही दिसली. त्याकडे उत्सुकतेने बघावं, त्यावर आज कुणी विसंबून राहू नये.

बसवल्यानंतरची वर्षं

फुप्फुस जुळवताना रक्तगट बघतात, तसं मापही बघावं लागतं. उंच पुरुषाचं फुप्फुस बुटक्या बाईच्या छातीत मावत नाही. त्यामुळे लहान चणीच्या रुग्णांची, त्यातही स्त्रियांची, वाट जास्त लांबते.

शस्त्रक्रियेत प्रत्येक बाजूला तीन जोड करावे लागतात: श्वासनलिका, धमनी आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याला जोडायच्या शिरा. मज्जातंतू जोडले जात नाहीत. म्हणून नव्या फुप्फुसात कफ साचला तरी रुग्णाला खोकल्याची उबळ येत नाही. ठरवून, वेळापत्रक लावून खोकावं लागतं. पहिल्या तीन दिवसांत नवं फुप्फुस पाण्याने भरून हटून बसण्याचा धोका सर्वांत जास्त. तो टळला की टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि स्टेरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी तीन औषधं जन्माची सोबत होतात. शिवाय विषाणू, बुरशी आणि न्यूमोनिया रोखणारी वेगळी. आपल्या देशात क्षयरोगाची टांगती तलवार कायम असते. बांधकामाची धूळ, कुंडीतली ओली माती, कबुतरं यांपासून लांब राहायचं.

घरी रोज स्पायरोमीटरमध्ये, म्हणजे श्वास मोजणाऱ्या छोट्या यंत्रात, फुंकून आकडा वहीत लिहायचा. नेहमीपेक्षा दहा टक्क्यांनी कमी आला आणि दोन-तीन दिवस तसाच राहिला, तर उद्यावर न ढकलता फोन करायचा. याचं कारण असं, की फुप्फुस प्रत्यारोपणाची खरी दुखती जागा अजून सुटलेली नाही. साधारण निम्म्या रुग्णांत पाच वर्षांच्या आत नव्या फुप्फुसाच्या बारीक नळ्या चट्ट्यांनी बंद व्हायला लागतात. शरीर त्याला हळूहळू नाकारत असतं. अॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने काहींना आराम पडतो, काहींत वेग मंदावतो. हमखास उपाय नाही. आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार २०१० ते २०१७ मध्ये प्रत्यारोपण झालेल्या प्रौढ रुग्णांपैकी निम्मे ६.७ वर्षांहून जास्त जगले. पहिलं वर्ष पार केलेल्यांचा विचार केला, तर हाच आकडा ८.९ वर्षांवर जातो. मूत्रपिंड किंवा यकृताच्या तुलनेत हे कमी आहे, आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी ते रुग्णाला स्वच्छ सांगितलं पाहिजे. मात्र ज्याला ऑक्सिजनच्या नळीशिवाय संडासापर्यंत जाता येत नव्हतं, त्याच्यासाठी सहा-सात वर्षं म्हणजे काय, हे त्यालाच विचारावं.

खर्चाबद्दल आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. खासगी रुग्णालयात तो तीस-चाळीस लाखांच्या घरात सहज जातो आणि नंतर दर महिन्याला औषधांसाठी हजारो रुपये लागतात. बरीचशी केंद्रं दक्षिणेत असल्यामुळे महाराष्ट्रातली कित्येक कुटुंबं चेन्नई-हैदराबादला रुग्णालयाजवळ खोली भाड्याने घेऊन महिनोन् महिने फोनची वाट बघतात. अवयवासाठी नाव नोंदवताना त्याच राज्याचा रहिवासी असण्याची अट काढून टाकायला केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांना सांगितलं, ही त्यातली एक दिलाशाची बाब. पण मुंबई-पुण्यात केंद्रं असूनही शस्त्रक्रिया मोजक्याच होतात, आणि सरकारी रुग्णालयात ही सोय उभी राहिल्याशिवाय ती सामान्य माणसाच्या आवाक्यात येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट रुग्णाच्या बाजूने करता येण्यासारखी आहे. फायब्रोसिसचं निदान झालं की त्याच वेळी प्रत्यारोपण केंद्रात एकदा दाखवून यावं, अशी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची शिफारस आहे. दाखवलं म्हणजे लगेच शस्त्रक्रिया होते असं नाही. बहुतेकांना सांगितलं जातं की अजून वेळ आहे, सहा महिन्यांनी या. आपल्याकडे मात्र रुग्ण पोचतो तो खाटेला खिळल्यावर, वजन घटलेलं, स्नायू झिजलेले, दोन-दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागत असताना. अशा शरीराला एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसत नाही, आणि मग चांगलं फुप्फुस मिळूनही ते त्याला देता येत नाही. घरात कुणाला हा आजार असेल, तर पुढच्या भेटीत छातीच्या डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: ‘प्रत्यारोपणासाठी आम्ही कधी दाखवून यायचं?’

आणि जे दान करू इच्छितात त्यांच्यासाठी: १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा सुरुवातीला ज्या तीन राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. प्रतिज्ञापत्राचा नमुना ७ क्रमांकाचा आहे, आणि ‘नोट्टो’ या केंद्र सरकारच्या अवयवदान संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक वापरून तो भरता येतो. त्यात एकेका अवयवापुढे खूण करायची सोय आहे. लोक डोळे आणि किडनीवर थांबतात. फुप्फुसांपुढेही खूण करा. तो भरला तरी त्या वेळी रुग्णालयात नातेवाइकांची लेखी संमती लागतेच. तेव्हा घरच्यांना आधीच, नाव घेऊन सांगून ठेवा की फुप्फुसंसुद्धा द्यायची आहेत.